साक्षीची दोरी

दहिवडी,
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि ओरडून मी दमते, म्हणून पत्र. तुझे गुडघे कसे आहेत?

इथं मी अगदी टेकीला आले आहे. गणित कृतीतून शिकवा, असा वरून हुकूम आला. नववीच्या मुलांना सांगितलं, शाळेला यायला जितकी मिनिटं चालता, तितके हात दोरी आणा. सगळ्या दोऱ्या एकमेकींना बांधल्या, मुलांइतके सारखे भाग केले, कापून एकेक वाटला. ही झाली सरासरी! पोरं लय खूश.

साक्षीनं मेंढीच्या लोकरीच्या सुताचा हा मोठा गुंडा आणला होता. तीच ती, रोज उशिरा येणारी. किती वेळा दारात उभी केली, तरी सुधारत नाही. हातातला तुकडा बघून म्हणाली, "बाई, दोरी बारकी झाली, माझी वाट कवा व्हायची?" वर्ग हसला, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरून निरोप आला. ते सूत तिच्या आजीनं, हरणाबाईंनी, नातीच्या घोंगडीसाठी कातलेलं होतं. पोरीला शाळेत ठेवायचा हट्ट घरात फक्त त्यांचाच. आता त्याच म्हणतात, "कापाकापीच शिकवत्यात तर पुरं झाली शाळा." दिवाळीनंतर ती मेंढरांमागं जाणार. मला काही सुचत नाही, गं.

माया आहेच तुझी, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी संयोगिता

तासगाव,
२८ सप्टेंबर २०२४

चि. संयोगितास अ. आ.

गुडघे माझ्यासारखेच कुरकुरतात, पण चालतात. तुझी कात्री मात्र फार चालते. कुणाचं सूत आहे, हे विचारलंस का आधी?

चिठ्ठी पाठवून माफी मागू नकोस. ते तुकडे मुलांकडून गोळा करून घेऊन जा आणि हरणाबाईंसमोर बसून जोड. स्कूटी घरी ठेव. पोरगी येते त्या वाटेनं चालत जा.

जेवत जा वेळेवर. खुशाली कळव, म्हणजे मला झोप लागेल.
तुझी आत्या

दहिवडी,
८ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेले. शाळा सुटल्यावर साक्षीबरोबर निघाले. ओढा, मग खडी, मग नुसतं माळरान. दोनदा बसले. ती पोर थांबायची.

अंगणात बसून तुकडे गाठत होते. हरणाबाईंनी एक गाठ बोटांनी चाचपली. मग म्हणाल्या, "गाठी टोचत्यात घोंगडीत. ऱ्हाऊ द्या. बाई, तुमी लय दमलाय. पोरगी रोज दमतीया, तवा कुणी इचारलं न्हाई." मला रडूच आलं. त्यांनी भाकरी वाढली, परत जाऊ दिलं नाही. म्हणाल्या, "सकाळी दोघी संगं जावा. मग सांगा, पोर आळशी हाय का."

उजाडताच निघालो, मी होईल तितकं भरभर चालले. तरी पोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती. साक्षी सवयीनं दाराशीच थांबली. मीही तिच्याशेजारी उभी राहिले. वर्ग आमच्याकडं बघत राहिला. मग तिचा हात धरून आत आले.

पोर शाळेतच राहणार, असं हरणाबाईंनी कळवलंय. पाय अजून ठणकतात.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
संयोगिता