इनुसभाईंच्या गिटारचा टेलपीस

४ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टर म्हणाले, बी.पी. वाढलंय, चिडणं बंद करा. मी शांतपणे विचारलं की मी कुठं चिडतो. ते मशीनकडं बघत बसले. ठरवलं: आजपासून चिडायचं नाही. चीड आली की या वहीत लिहायची आणि वही मिटायची.

चीड पहिली. काल शिरूरला ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस चालू असताना गिटारचा टेलपीस तुटला. गिटारच्या बुडाला एक पट्टी असते, तारांची टोकं तिच्यात अडकवलेली असतात, तोच टेलपीस. साध्या गिटारला सहा तारा. ही बारा तारांची इलेक्ट्रिक, आख्ख्या तालुक्यात एकच. बाराच्या बारा लोंबल्या. कीबोर्डवाला हसला. त्याचं नाव या वहीत लिहिणार नाही, तेवढी त्याची लायकी नाही.

गिटार माझी नाही, इनुसभाईंची. मला शिकवलं त्यांनीच. तीन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांचे थोरले भाऊ खुर्शिदभाई, म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, यांनी ती माझ्या हातात दिली. ३० तारखेला दौंडला इनुसभाईंच्या मुलीचं, आसियाचं, रिसेप्शन आहे. पोरीनं एकच मागितलंय: स्टेजवर अब्बांच्या गिटारवर अब्बांची धून वाजली पाहिजे. वाजवणार मी.

बायको सविता म्हणाली, अहो, चौकातल्या रेडिएटरवाल्याकडं न्या, पाच मिनिटांत झाळून जोडून देईल. एकोणीस वर्षं टूलरूममध्ये फिटर आहे मी. आणि रेडिएटरवाल्याकडं जाऊ? चिडलो नाही. तुटका टेलपीस टेबलावर जरा जोरात ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुसरा शनिवार, सुट्टी. नव्या टेलपीसचं ड्रॉइंग काढलं. जुन्याची मापं व्हर्नियरनं घेतली. टॉलरन्स पन्नास मायक्रॉन, म्हणजे केसाएवढीही चूक चालणार नाही. असलं काम करणारा दुसरा माणूस कोरेगाव भीमापासून दौंडपर्यंत सापडायचा नाही.

मापं झाल्यावर जुना टेलपीस टेबलावर ठेवला होता, तो गायब. या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही. सविताला विचारलं तर म्हणते, तुम्हाला नवा करायचाय ना, मग जुना कशाला हवाय. चिडलो नाही. पेन्सिलचं टोक मोडलं ते आपोआप.

११ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळ
कंपनीत लंच टाइममध्ये टेलपीस तयार. स्टेनलेस स्टील. त्यात तोंड दिसतं. गावातल्या कुणी असलं काम उभ्या जन्मात केलं नसेल.

शिफ्ट सुटल्यावर गेटवर सिक्युरिटीच्या नवनाथनं डबा उघडायला लावला. हा नवनाथ आमच्याच आळीतला. माझ्या लग्नात दोन पंगतींना बसलेला. भाजीच्या कप्प्यात टेलपीस बघून म्हणाला, मल्हारी, ह्ये काय हाय. म्हणालो, गिटारचा पार्ट. म्हणाला, मग भाजी कुठं हाय. मागं अख्खी शिफ्ट थांबलेली, सगळे दात काढतात. त्यानं रजिस्टरला लिहिलं: डब्यात संशयास्पद धातू. खाली माझी सही घेतली आणि टेलपीस ठेवून घेतला.

मी त्याला चार शब्द सुनावले. त्याला चिडणं म्हणत नाहीत, समज देणं म्हणतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार
तीन पानी खुलासा दिला. गेटपास मागितला. त्यावर तीन सह्या लागतात. एक साहेब रजेवर, एक मीटिंगमध्ये, तिसऱ्याला गिटार आणि सतार यातला फरक समजावण्यात अर्धा तास गेला. गेटपासवर ‘उद्देश’ असा रकाना आहे. मी लिहिलं: सांस्कृतिक. टूलरूमच्या हनुमंतसाहेबांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि शेवटची सही केली.

नवनाथनं पास उलटासुलटा करून बघितला. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. फाटक मात्र पाय लावून उघडलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज फिटिंग. पण गबाळेपणा मला चालत नाही. कंपनीत फाइव्ह-एस आहे: कामाआधी सगळं मोकळं करा, पुसून लख्ख करा, ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो काढा. हे लोकांना कळत नाही म्हणून देश मागं आहे.

बाराच्या बारा तारा एकदम काढल्या. इनुसभाई एकेकच तार बदलायचे, एक चढवल्याशिवाय दुसरीला हात लावायचे नाहीत. माणूस मोठा, पण पद्धत जुनी. तारा काढून घोडीला हात लावला तर इतके दिवस मळानं चिकटून राहिलेली ती हातात आली. घोडी म्हणजे तारांखालचा टेकू. तिला एक स्क्रू नाही, नुसती तारांच्या दाबानं उभी. डिझाइनमधली चूक. असं काम आमच्याकडं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

घोडीखाली किती वर्षांची घाण. पेन्सिलच्या दोन रेघा आणि शेजारी काहीतरी गिचमिड. ‘आधी’चा फोटो काढला, मोबाइलवरच त्याला लाल गोल केला, बाण काढला, लिहिलं ‘मळ’, सेव्ह केलं. मग थिनरचा बोळा फिरवला. लख्ख. ‘नंतर’चा फोटो काढला. दोन्ही कंपनीच्या ग्रुपवर टाकले. हनुमंतसाहेबांचा अंगठा आला. ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर टाकणार होतो, पण कलाकारांना शिस्तीचं काय कळणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार
टेलपीस बसवला. तारा ओवल्या. तारेच्या टोकाला बारीक गोळी असते, ती भोकाला अडकली पाहिजे. अडकली नाही. पहिली तार आरपार निघाली. दुसरी निघाली. बारा निघाल्या. भोकं ड्रॉइंगप्रमाणे बिनचूक आहेत. गोळ्या चुकीच्या आहेत. वॉशर घालून अडकवल्या.

मग घोडी अंदाजानं उभी केली. रिकाम्या तारा सुरात. बोट ठेवलं की बेसूर. जरा पुढं सरकवली, अजून बेसूर. मागं सरकवली, शेजारच्या अनसाबाई दारात येऊन विचारून गेल्या, कुणाला बरं न्हाई का.

तारा डुप्लिकेट. ट्यूनरचं ॲप भिकार. थंडीनं लाकूड आकसलंय. मी चिडलेलो नाही. उशी फाटकीच होती.

२३ नोव्हेंबर, रविवार
खुर्शिदभाई शिरूरहून आपणहून आले. कुणी बोलावलं ते शोधून काढणार आहे. सविता चहा ठेवायला आत गेली ती बाहेरच आली नाही.

त्यांनी गिटार मांडीवर घेतली. विचारलं, इनुसच्या रेघा कुठं हायत, घोडी तिथंच उभी करायची असती. मी सांगितलं, पुसल्या, थिनरनं. त्यांनी विचारलं, शेजारी आणखी काय लिहिलेलं व्हतं का. मी म्हणालो, नाही, मळ होता. त्यांनी त्या जागेवरनं अंगठा फिरवला. मग लाकडाला कान लावून घोडी केसभर इकडं, केसभर तिकडं करत बसले. चहा निवायच्या आत गिटार सुरात.

मला काही बोलले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर मलाही काही बोलता आलं असतं. त्यांच्या या सवयीचा मला फार राग येतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आता सूर बसला, आता फक्त सराव. संध्याकाळी ६.१० ला माझा टेलपीस सुटला. बारा तारांचा ताण पट्टीच्या बुडाच्या बिजागरीला झेपला नाही. पट्टी उडून भिंतीवरच्या घड्याळाला लागली, ते तिथंच बंद पडलं, म्हणून वेळ नक्की माहीत आहे. घोडी कॉटखाली.

मी खूप बोललो. स्टीलच्या सप्लायरला, नवनाथला, कीबोर्डवाल्याला, रेडिएटरवाल्याला. रेडिएटरवाल्याचं नाव काढल्यावर सविता उठली, कपाट उघडलं, साड्यांखालून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली. जुना टेलपीस. झाळलेला. म्हणाली, आठ तारखेलाच आणलाय करून. मग आजपर्यंत बोलली का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, डॉक्टर म्हणालेत, तुम्हाला राग येईल असं काय बोलायचं न्हाई.

तिनंच खुर्शिदभाईंना परत फोन लावला. ते परत आले. परत कान लावला. परत चहा निवायच्या आत गिटार सुरात.

झाळ ओबडधोबड आहे. पक्की आहे, पण ओबडधोबड.

३० नोव्हेंबर, रविवार
दौंडहून आत्ताच आलो.

धून वाजली. एक सूर चुकला नाही. खुर्शिदभाई स्टेजच्या कडेला मान खाली घालून उभे होते. कीबोर्डवाल्यानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. वाटलं, पन्नास मायक्रॉनचा माणूस आहे आपण, जगाला आज कळलं.

मग आसिया स्टेजजवळ आली. म्हणाली, मल्हारीमामा, लई आभार. म्हणाली, तुम्ही टेलपीस बदलला म्हंजी सगळ्या तारा काढल्या असतील, घोडी पण निघाली असंल. मी जन्मले त्या दिवशी अब्बांनी तिच्याखाली माझं नाव लिहिलंय उर्दूत. दाखवा म्हणलं की म्हणायचे, तारा सगळ्या एकदम निघतील तवा दाखवीन. त्यांनी कवाच एकदम काढल्या न्हाईत. तुम्ही बघितलं का.

खुर्शिदभाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं फोटो आहे, निदान फोटो तरी आहे. घाईघाईनं मोबाइल काढून तिच्या हातात दिला. तिनं दोन बोटांनी मोठा केला. लाल गोल. लाल बाण. माझ्या हातचं ‘मळ’, शेवटची रेघ सरळ तिच्या नावावरनं गेलेली. तिनं त्या रेघेखालचं एकेक अक्षर बोटानं वाचलं.

ती रडली नाही, चिडलीसुद्धा नाही. हळूच विचारलं, मामा, हे लाल नसलेला हाय का एखादा. मी मोबाइल घेतला. गॅलरी वर केली, खाली केली. शिरूरचा केक, गेटपास, व्हर्नियर. परत वर केली. मी त्याच फोटोवर सेव्ह केलं होतं.

ती थांबली होती. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. म्हणालो, नंतरचा आहे. एकदम स्वच्छ आहे.