तिसऱ्या प्रभुभोजनाचा नियम

डहाणू, मंगळवार, ८ एप्रिल १९५८
रविवारी उपासनेनंतर मंडळीची वार्षिक सभा. धर्मप्रांताच्या परिषदेवर आमच्या मंडळीचा एक सामान्य सभासद निवडून पाठवावयाचा आहे. मी नाव दिले. पाळकसाहेबांच्या सूचनापत्रात 'निवडणुक' असे होते. दीर्घ करून मगच दारावर लावू दिले.

शिमोननेही नाव दिले आहे. माझाच विद्यार्थी, मूळ तलासरीकडच्या पाड्यावरचा, हल्ली घोलवडला चिकूच्या वाडीत मुकादम. त्याचे म्हणणे एकच: पाड्यावर दरमहा पाळक यावा. म्हणणे रास्त, परंतु परिषदेत ठराव मांडावयास भाषा लागते. सौ.ला तसे म्हणालो.
"भाषा तुमची, माणसं त्याची," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

शनिवार, १२ एप्रिल
शिमोन येऊन गेला. "सलाम, गुरुजी. तुम्ही उभे राहताय हे ठाऊक असतं तर नाव दिलं नसतं. पण पाड्यावर शब्द देऊन बसलोय." तेथील लोकांना वाडीच्या रिकाम्या ट्रकातून आणणार आहे. म्हणजे माझा पराभव निश्चित. जन्मभर याच गावात शिकवून...

नियम असा की, वर्षात किमान तीन वेळा प्रभुभोजन, म्हणजे पाळकाच्या हातून भाकर व द्राक्षारस, घेतले असेल त्यासच मत. नियमांचे मराठी भाषांतर माझेच. पाळकसाहेब पाड्यावर वर्षातून दोनदाच जातात. पावसाळ्यात नदी आडवी येते. आजवर हा नियम येथे कोणी उकरून काढलेला नाही. मीही काढू नये.

रविवार, १३ एप्रिल
निवडून आलो.

येथे चिठ्ठ्या टाकण्याची रीत नाही. उमेदवार दोन भिंतींशी समोरासमोर उभे राहतात. ज्याला जो हवा, त्याच्या बाजूस तो जाऊन उभा राहतो. पाड्याची सगळी माणसे, धुतलेल्या लुगड्यांतल्या बाया, कडेवरची मुले, शिमोनकडे गेली. माझ्याकडे रेल्वेचे, पोस्टाचे, शाळेचे लोक, थोडेच. पा. सा. मोजू लागणार तोच मी हरकत घेतली.
"मास्तर, आत्ता?"
"नियम आत्ताच लागू होतो."
त्यांना एकेकास विचारावे लागले. पाड्यावरची सर्वांत वृद्ध राहेलआजी मोठ्याने म्हणाली, "पाद्री दोनदा आला, दोनदा घेतलं. तिसरं कुठं घेऊ, मास्तर? नदीत उभी राहून?" दोन्ही भिंतींकडचे लोक हसले. मग पाड्याची माणसे मागच्या बाकांवर जाऊन बसली, परक्या घरी बसावे तशी, अंग चोरून.

आमची सौ. उभी होती ती शिमोनच्या बाजूस. तिचे मत ग्राह्य धरले गेले.

ट्रकात चढताना राहेलआजी मला म्हणाली, "आता तुम्हीच सांगा मग बिशपसायबाला. पाद्री आला म्हंजे झालं. जाईना का कुणीबी."


गुरुवार, १७ एप्रिल
राजीनामा घेऊन पा. सां.कडे गेलो. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "जागा मग पुढच्या ईस्टरपर्यंत रिकामी. पाड्याचं कोण बोलणार?"
"नियम बरोबर होता, साहेब."
"होता ना. म्हणून तर मला तोंड उघडता आलं नाही. तिसऱ्यांदा गेलो नाही तो मी, मास्तर. बाकावर बसले ते."
चहा न घेता उठलो.

शनिवार, १० मे
ठरावाचा मसुदा झाला. 'पाड्यावरील सभासदांस वर्षातून तीन वेळा प्रभुभोजन मिळत नाही व त्यामुळे ते मताधिकारास मुकतात.' सौ.ला वाचून दाखवला.
"छान आहे. आणि कुणी विचारलं, कधी मुकले, तर?"
"सांगेन."
"काय सांगाल, ते म्हणून दाखवा की."
मी मसुद्याची घडी घालून तो खिशात ठेवला. ती पाणी भरावयास गेली.

शिमोन बाजारात दिसला. "सलाम, गुरुजी," म्हणाला आणि पुढे गेला. पूर्वी थांबत असे.

मुंबई, गुरुवार, २२ मे
परिषदेचा पहिला दिवस. बिशपसाहेबांनी भाषणात माझ्या भाषांतराचा गौरव केला. नियमांची इतकी शुद्ध मराठी दुसऱ्या कोणास साधली नसती, असे म्हणाले. टाळ्या पडल्या. उभा राहून हात जोडले.

जेवताना शेजारी पुण्याचे एक सज्जन, निवृत्त मामलेदार. मोठ्या आदराने विचारते झाले, "तुम्हांला तर मंडळीनं एकमतानंच पाठवलं असणार?"
घास तोंडात होता. मी मान डोलावली. घास गिळल्यावर बोलता आले असते.

पाड्याचा ठराव उद्या सकाळी आहे. जागा नेमून दिलेल्या आहेत. तेच गृहस्थ शेजारी बसणार.