खटक्यावरचा अंगठा

कवठे येमाई,
यात्रेच्या आधीचा मंगळवार

प्रिय बापू,

'प्रिय' लिहावं लागतं असं माझी नात सृष्टी म्हणाली, म्हणून लिहिलं. माझ्या मनात दुसरा शब्द होता, पण तो आधी तुझ्या पीएनं वाचला असता. चौथी शिकलेली बाई आहे मी, अक्षर वाकडं येणार. तुझं भाषण पेपरात सरळ अक्षरात छापून आलं होतं, तरी वाकडंच होतं.

पाटसच्या सभेतलं तुझं बोलणं तिनं मला मोबाइलवर दोनदा ऐकवलं. पहिल्यांदा वाटलं, माझेच कान गेले. तू म्हणालास, कोर्टानं आपल्या शर्यती बंद पाडल्या, बैल दावणीला बांधले, मग आपण कायदा केला आन् कोर्टाला गप्प बसवलं. आता दिल्लीत खासदार म्हणून तू नवा कायदा मांडणार. सगळ्यात मोठ्या कोर्टाचा निकाल सभागृहाला पटला नाही तर साध्या बहुमतानं फिरवायचा, आन् जज्जालाही त्याच बहुमतानं घरी धाडायचं. टाळ्या पडल्या. टाळ्यांची तुला लहानपणापासून हाव. मग बारा वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या मालकांना तू मधे ओढलंस. "आमचे मामा तीस वर्षं घाटात घड्याळ पंच व्हते. पन घड्याळ गावाचं व्हतं. गावानं दिलं, गाव काढून घिऊ शकतं. जज्जाचंबी तसंच हाय."

तीस नाही, एकवीस. बोलताना नऊ वर्षं कुठून आणलीस ते तुझं तुला ठाऊक.

परवा तुझा कार्यकर्ता पप्पू शाल आन् पत्रिका घेऊन आला. तुझ्या मामांचं नाव मी कधी घेतलं नाही, तू ते 'कैलासवासी' लावून लाल शाईत छापलंस. शनिवारी शर्यतीच्या स्टेजवर मी त्यांचं घड्याळ तुझ्या हातात द्यायचं, तू ते नव्या पंचाला द्यायचं, आन् फोटो दिल्लीपर्यंत जायचा. पप्पू म्हणाला, "आत्या, घड्याळ आत्ताच द्या, पुसूनबिसून ठिवतो." मी त्याला चहा पाजला, शाल त्याच्याच खांद्यावर टाकली आन् घड्याळाशिवाय परत धाडला. त्यानं तुला काय सांगितलं असेल ते असो. खरं काय ते मी सांगते.

आधी कोर्टाचं. शर्यतीच्या घाटात गवत माजलं ती वर्षं मलाही आठवतात. मीही त्या कोर्टाच्या नावानं बोटं मोडली. दिल्लीत बसलेल्या माणसांना बैलाचं काय कळतं, असं मीच चावडीसमोर बोलले होते. पण बापू, कोर्ट गप्प बसलं हे तू खोटं बोललास. मुंबईत कायदा झाला, त्यावरही कुणी कोर्टात गेलं. पाच जज्ज बसले, दोन्हीकडचं ऐकलं आन् म्हणाले, हा कायदा ठीक आहे, पळवा बैल. आधी ज्या कोर्टानं नाही म्हटलं, त्याच कोर्टानं हो म्हटलं. त्यांच्या मानेवर कुणाचा हात नव्हता, म्हणून त्या होकाराला किंमत आली. तुझा कायदा तेव्हा असता, तर लोक म्हणाले असते, घाबरून हो म्हणाले. आन् ते खोटं नसतं.

जज्जाला कुणी निवडून दिलंय, असं तू विचारलंस. प्रश्न वाईट नाही. तुझ्या मामांनाही कुणी मतं दिली नव्हती. ते चुकायचेही. एकदा घड्याळाचा खटका उशिरा दाबला गेला तर त्यांनी स्वतःच हात वर करून त्या गाड्याची बारी परत पळवायला लावली. पुढच्या वर्षी शेजारी दुसरं घड्याळ बसवा म्हणाले, तेही गावानं ऐकलं. पंच चुकतो, त्याला हे उपाय आहेत. घाट किती लांब ठेवायचा, किती बैल जुंपायचे, बक्षीस काय ठेवायचं, हे सगळं कमिटीनं ठरवावं. त्यासाठीच कमिटी असते. पण गाडा सुटल्यावर खटक्यावर अंगठा एकट्या पंचाचा. तिथं कमिटीनं बोट घातलं की शर्यत संपली, मग नुसती बैलांची धावपळ.

तू दिल्लीला गेल्यापासून घाट विसरलास, म्हणून आठवण करून देते. आमच्याकडं गाडे शेजारी-शेजारी पळत नाहीत. एका वेळी एक गाडा, चार बैल, चढावर. कोण पुढं कोण मागं हे डोळ्याला दिसतच नाही, सगळं सेकंदावर. हजारो माणसं जमतात, पण कोण जिंकलं ते एकालाच कळतं, बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. म्हणून यात्रेचे दोन दिवस तुझे मामा कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. मी भाकरी बांधून द्यायची, तांब्या घरचा. स्वतःच्या सख्ख्या भावाच्या दारावरून जाताना मान खाली.

आता त्यांच्या पंचगिरीचं बाविसावं वर्ष, जे मी एकवीसात धरत नाही. तू अकरा वर्षांचा होतास. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ साहेबराव, खुटबावहून चार बैल घेऊन आमच्या गावच्या घाटात आला. पहिलं बक्षीस मोटारसायकल, तीही त्यानंच दिलेली, म्हणून कमिटीनं त्याला अध्यक्ष केलं. फायनलच्या सकाळी कमिटीनं नवा नियम काढला. पंचाचा निकाल पटला नाही तर कमिटीनं हात वर करून तो फिरवायचा, पंच तिथल्या तिथं बदलायचा. तुझे मामा घरी परत आले. घड्याळ खुंटीला अडकवलं आन् म्हणाले, "मी न्हाई जायाचा. आता ह्या घड्याळात माझ्याबिगर धा जणांचं हात हायेत."

त्यांना मी घराबाहेर काढलं. मी म्हणाले, "माझा भाऊ अध्यक्ष झालाय आन् तुम्ही रुसून बसता व्हय? माहेरात मला तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?" आन् पुढं हेही म्हणाले, की निकाल थोडा इकडचा तिकडं झाला तर काय आभाळ पडतंय, अर्धा सेकंद म्हंजी पापणी लवायचा वेळ. ते खुंटीवरचं घड्याळ घेऊन गेले.

फायनलला तुझ्या बापासमोर पोपटराव होता, त्याचा गाडा बारा सेकंदात आला. त्याचा खंड्या म्हणून पुढचा बैल होता, काळा, बुटका, घाटात असा दुसरा नव्हता. तुझ्या बापाचा गाडा साडेबारात. मामांनी उलटं सांगितलं. हात एकदाही वर करावे लागले नाहीत, बापू. दहा माणसं खुर्च्यांवर नुसती बसून होती, तेवढ्यानं भागलं. पोपटराव भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मामानं सांगितलं म्हंजी तसंच आसंल." एकवीस वर्षं जो माणूस खरं बोलला, त्याचं खोटं एका दिवसात खपलं, कारण तो खरं बोलणारा होता. तुझ्या कायद्यानं तू हेच करणार आहेस. कोर्टाची इमारत तीच राहील, झगे तेच राहतील, लोक विश्वासही ठेवतील. बैल मात्र पोपटरावचा जाईल.

संध्याकाळी त्यांनी भाकरीचं फडकं तसंच माझ्यापुढं ठेवलं, गाठही सोडलेली नव्हती. तुझ्या बापाच्या पंगतीला जेवून आले होते. खांदा दुखतो म्हणून पुन्हा घड्याळाला हात लावला नाही, आन् तुम्ही सगळे म्हणालात, मानानं निवृत्त झाले. त्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून तू खुटबावात मिरवलास. 'घाटवाले साहेबराव' म्हणून तुझा बाप निवडून आला, आन् त्याचा मुलगा म्हणून तू. तुला हे ठाऊक नव्हतं, एवढं मी मानते. आता ठाऊक झालं.

हे तिघांना माहीत होतं, त्यांना, तुझ्या बापाला आन् त्या रात्री त्यांनीच सांगितलं म्हणून मला. दोघं गेले, मी उरले. रविवारी सृष्टीच्या स्कूटीवर बसून मी पोपटरावकडं गेले. ऐंशी ओलांडलीय त्यानं, एका डोळ्यानं दिसत नाही. घड्याळ त्याच्या हातात ठेवलं आन् सगळं सांगितलं, माझं बोलणंही गाळलं नाही. मला वाटलं शिव्या देईल, मी ऐकायला बसले होते. बराच वेळ तो खटका दाबत राहिला, काटा पळवत आन् थांबवत. मग म्हणाला, "म्हंजी माझा खंड्या सुस्त न्हवता?" हरल्यावर त्याच आठवड्यात त्यानं खंड्याला बाजारात नेऊन विकलं होतं, म्हातारा झाला म्हणून. शनिवारी घड्याळ घेऊन तो घाटात येणार आहे, आन् माइकवर मी बोलणार आहे. तू स्टेजवर असलास तर तुझ्यासमोर, नसलास तर तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर. तुझा बाप मला न सांगता नियम बदलून बसला होता. मी तसं करणार नाही, म्हणून हे पत्र आधी धाडलं.

तुझ्या बापाची थोरली बहीण, म्हणून तुझीच,
सिंधूआत्या