शिडीवाल्याचं नववं मत

मी, खाली सही करणारा, क्लबचा निवृत्त शिडीवाला, वय एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (बायको शेजारी बसून दुरुस्त्या सुचवते आहे, ते दडपण धरू नये) माझ्या पश्चात काय करायचं ते लिहून ठेवतो.

१. घर बायकोचं. ते पहिल्यापासून तिचंच होतं, कागद आज होतो आहे इतकंच.

२. बँकेत जे काही असेल ते मुलाला. तो क्लबचा व्यवस्थापक आहे. मी शिडी चढताना तो खाली जांभया द्यायचा, ते मला वरून स्पष्ट दिसायचं. तरीही देतो.

३. माझी शिडी व्याह्यांना द्यावी, असं मुलाचं म्हणणं. मुळीच देणार नाही. व्याही समोरच्या संघाचे शिडीवाले. बास्केटबॉलच्या टोपलीत चेंडू पडला की चढून तो काढायचा, हा आमचा धंदा. आणि आपल्या खेळाडूंना धाप लागली असेल तर सावकाश चढायचं, ही त्यातली कला. मी गुडघा धरायचो. व्याही अंतिम सामन्यात मधल्या पायरीवर थांबून चष्मा पुसत बसले. आयुष्यात त्यांना चष्मा लागलेला नाही! विहीणबाईंचा आणला होता. आम्ही हरलो. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं वकील म्हणाले, म्हणून व्याह्यांना मुद्दाम साक्षीदार केलं आहे. शिडी बायकोने माळ्यासाठी वापरावी.

४. आता मुद्द्याचं. टोपलीचं बूड कापून टाकावं का, यावर पुढच्या हंगामात क्लबचं मतदान आहे. चार मतं बाजूने, चार विरुद्ध, नववं माझं. निवृत्त शिडीवाल्याचं मत वारसाकडे जातं, आणि डॉक्टर म्हणतात तोवर मी काही टिकत नाही. म्हातारा विरोधातच जाणार, असं सगळे धरून चाललेत. मीही तसंच भासवलं. लोक घरी येऊन गोड बोलायचे, मजा यायची. ज्या मास्तरांनी पहिल्यांदा टोपली टांगली त्यांनाच बूड कापायची बुद्धी झाली असती, तर मी कुठेतरी रंधा मारत बसलो असतो. चढताना टाळ्या पडायच्या हो. फार आवडायचं मला ते.

पण नातीचं काय करू? उंची बेताची, पळणं वाऱ्यासारखं. निवड समितीने दोनदा परत पाठवली. "पोरी, पळतेस झकास, पण या खेळात पळायचंय कुठे?" खरंच आहे. चेंडू पडला की दहाच्या दहा जण शिडीकडे बघत उभे. घरी येऊन ती रडली नाही, भांडी आपटली. म्हणाली, "आजोबा, तुमच्या शिडीपायी मी जन्मभर नुसती उभीच राहू का?" मला भयंकर राग आला, कारण पोरगी बरोबर बोलत होती.

सबब माझं मत मी नातीला देत आहे. ते कोणत्या बाजूने टाकावं हे सांगत नाही. सांगितलं तर उलट करेल, माझ्यावरच गेली आहे.

एकच मागणं. बूड कापलं गेलं, तुला संघात घेतलं, आणि तुझा पहिला चेंडू टोपलीतून सरळ खाली आला, की सवयीने वर मला शोधत थांबू नकोस गं. पळ.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: हंगाम संपल्यानंतरचा पहिला सोमवार
सही: शिडीवाला

साक्षीदार:
१. व्याही (पूर्ण वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले, वाचून केली)
२. डॉक्टर