वॉलीची खुर्ची

शुक्रवार, २० डिसेंबर

वॉली नाही!

गाडी कॅम्पच्या फाटकातून आत वळली तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एरवी वळणावरूनच त्याचा निळा तंबू दिसतो, पुढे खुर्ची टाकून तो बसलेला असतो, आणि आम्ही उतरायच्या आत त्याचं ठरलेलं वाक्य येतं – "काय गं ग्लेनिस, वाट चुकलात की काय?" पंचवीस वर्षं आम्ही त्याच्या आधी पोचायचं ठरवतो आणि पंचवीस वर्षं तो आमच्या आधी हजर. आज त्याच्या जागेवर नुसतं गवत. पोहुतुकावाच्या झाडाच्या लाल फुलांचा सडा पडलाय, आणि त्यावर पावलाची खूणसुद्धा नाही.

माझा नवरा नेव्हिल म्हणतो, रस्त्यात गर्दी लागली असेल. गर्दी काय आम्हाला नव्हती? आणि वॉली येतो डोंगरापलीकडून, तिकडे कसली आलीय गर्दी!

कॅरॅव्हॅन लावली, छत ताणलं, चहा टाकला. सवयीने तीन कप काढले. एक परत ठेवला.

शनिवार, २१ डिसेंबर

अजून पत्ता नाही.

त्याचा नंबर नेव्हिलच्या गळांच्या डब्याच्या झाकणावर सापडला. सकाळपासून लावतेय. नुसता वाजत राहतो. वॉलीला फोनचं वावडं आहे हे खरं, पण तरी.

डिसेंबर म्हणजे आमचा इथला उन्हाळा; असे पंचवीस उन्हाळे शेजार, आणि त्याचं आडनाव मला माहीत नाही! त्याला चहात साखर किती लागते, कुठला गुडघा दुखतो, गेलेल्या बायकोला तो कुठल्या नावाने हाक मारायचा, हे सगळं माहीत. आडनाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. इथे कोण कुणाचं आडनाव विचारतं? ऑफिसात विचारता येईल म्हणा. पण फिओनाला विचारायचं म्हणजे तो आला नाही याची आपणच दवंडी पिटायची. नव्या मालकांचा नियम कडक आहे – चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत जागेवर तंबू उभा हवा आणि त्यात माणूस राहायला हवा. नाहीतर जागा गेली यादीतल्या पुढच्या नावाला.

आणि यादीत पुढचं नाव कुणाचं? आमच्याच ब्रॉनचं. टिली पोटात होती तेव्हापासून माझी लेक या यादीत ताटकळतेय. इथल्या जागा सहजासहजी सुटत नाहीत. माणूस तरी जावा लागतो, नाहीतर त्याचे गुडघे.

छान पेच आहे. हसू मात्र येत नाही.

रविवार, २२ डिसेंबर

दुपारी ब्रॉन, हेमी, टिली आणि बाळ आले.

ब्रॉन गाडीतून उतरली. आधी तिने वॉलीच्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, वॉलीचं—"

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, त्या जागेवर डोळा ठेवू नकोस, येणार आहे तो. दोन दिवस मनात जे घोळत होतं ते भसकन तोंडातून बाहेर पडलं, आणि तेही नातीसमोर. ब्रॉनचा चेहरा उतरला. हेमीने बाळ माझ्या हातात दिलं आणि मुकाट्याने टपावरचे दोर सोडायला लागला. जावई शहाणा आहे.

त्यांचा तंबू दरवर्षीसारखा आमच्या छतामागे कोंबला. दोरांचं असं जाळं झालंय की नेव्हिल चहा घेऊन जाताना दोनदा आपटला. चौघांनी त्या खोपटात झोपायचं, आणि शेजारी अख्खी जागा रिकामी. मला दिसत नाही असं नाही. पण दुसऱ्याची ती दुसऱ्याची.

सोमवार, २३ डिसेंबर

पाऊस. नेव्हिल म्हणाला, "चौऱ्याऐंशीचा आहे तो, ग्लेनिस." रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

केलं एकदाचं!

समोरची कोलीन आणि मी. सकाळी आमचा जुना हिरवा तंबू बाहेर काढला आणि वॉलीच्या जागेवर ठोकला. जमीन पावसाने मऊ झालेली, खुंट्या लोण्यात रोवाव्या तशा गेल्या. मग हिवाळ्यात सगळ्यांचं सामान पडून असतं त्या शेडमधून वॉलीचं सामान आणलं. त्याचा कंदील, तळाला काळी पडलेली किटली, मासे धुरावायची पत्र्याची पेटी, आणि ती खुर्ची. पिवळ्या पट्ट्यांची, बसायचं कापड एका बाजूला झोल पडलेलं, कारण तो डावीकडे कलून बसतो. खुर्ची तंबूच्या दाराशी मांडली आणि टिलीला दम भरला की यात कुणीही बसायचं नाही. टॉवेल वाळत घातला. एक मोजा मुद्दाम उलटा टाकला. वॉली दिसायलाच लागला!

चारच्या सुमाराला फिओना तिच्या छोट्या गाडीतून आली. पोरगी वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. तिने विचारलं, हा तंबू कुणाचा. मी सांगितलं, वॉलीचा, तो मासे धरायला गेलाय. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, म्हणून मी टोपी घालूनच उभी होते. कोलीनने पुस्ती जोडली की खडकांच्या पलीकडे गेलाय, उशीर होईल म्हणाला.

फिओनाने तंबू पाहिला, खुर्ची पाहिली, मग बराच वेळ ब्रॉनकडे पाहत राहिली. ब्रॉन नवे बटाटे घासत होती. तिने मान वर केली नाही.

"भरती आहे," फिओना म्हणाली. "सांभाळून म्हणावं." आणि गेली.

सुटले असं म्हणेपर्यंत ब्रॉनने हात पुसले आणि ती फिओनाच्या मागे ऑफिसकडे निघाली. बराच वेळ आली नाही. मला कळतं ऑफिसात कशासाठी जातात ते. माझीच मुलगी! उरलेले बटाटे मीच घासून टाकले. परत आल्यावर ती बाळाला घेऊन बसली; कशाला गेली होतीस, हे मी विचारलं नाही.

पण तंबू काढायला कुणी आलं नाही.

बुधवार, २५ डिसेंबर – नाताळ

सगळ्यांनी टेबलं जोडून एकच लांब पंगत केली. हॅम, बटाटे, कोलीनचा पावलोव्हा केक (मधोमध खचलेला, तिने स्ट्रॉबेऱ्या टाकून खड्डा बुजवला). वॉलीचंही ताट मांडलं.

आणि बघता बघता सगळा कॅम्प या खेळात उतरला! कुणी म्हणे सकाळी तो न्हाणीघरात गात होता, बेसूर. कुणी म्हणे त्याने माझी हातोडी नेलीय, अजून दिली नाही. टोकाच्या जागेवरचा म्हातारा छातीठोकपणे सांगत होता की काल पत्त्यांत वॉलीने लबाडी केली. गोड खाईपर्यंत वॉली खराखुरा असतो त्याहून जास्त हजर झाला होता. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

ब्रॉन मधेच उठून गेली. भांडी घेऊन गेले तर ती बेसिनपाशी उभी राहून रडत होती. म्हणाली, साबण गेला डोळ्यात. बेसिन कोरडं होतं. मला वाटलं, टोचतंय मन. टोचू दे.

गुरुवार, २६ डिसेंबर

भांडण. लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

समुद्रावर टिली पाण्यात, बाळ सावलीत. ब्रॉन म्हणाली, "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय. जरा बस."

मी उभीच राहिले. म्हटलं, जागेचं असेल तर नको.

"तुझ्यासाठी सगळं जागेचंच असतं का?"

मग मी सुटले. म्हटलं, तुला आठवतं का, माझी आई गेली त्या उन्हाळ्यात मी कुणाशी बोलत नव्हते, तेव्हा रोज संध्याकाळी ताटलीत धुरावलेला मासा घेऊन कोण यायचं? एक शब्द न बोलता माझ्या शेजारी कोण बसायचं? आणि तुला पोहायला कुणी शिकवलं? तुझ्या बापाला फुरसत नव्हती. याच पाण्यात, तुझ्या हनुवटीखाली हात धरून, किती दिवस! अशा माणसाची जागा घ्यायला निघालीस?

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडलेली नव्हती, तेच मला जास्त लागलं.

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. "हनुवटी माझीच होती."

आणि बाळाला उचलून चालायला लागली. मी वाळूत उभी. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

शुक्रवार, २७ डिसेंबर

आता काय म्हणावं! ब्रॉन आपली पथारी घेऊन टिलीसकट वॉलीच्या तंबूत राहायला गेली. नियमाप्रमाणे तंबूत माणूस हवा ना, म्हणाली. मला आधी वाटलं, झालं, पाय रोवायला सुरुवात. हेमीला तसं बोलले. तो माझं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "राहू द्या तिला तिथे."

दिवेलागणीला तिने वॉलीचा कंदील पुसून लावला आणि त्याच्याच आकड्याला टांगला. काच पुसताना आधी फुंकर मारायची, मग शर्टाच्या टोकाने पुसायचं – अगदी त्याच्यासारखं. खुर्चीत मात्र बसली नाही. खाली गवतावर बसली.

शनिवार, २८ डिसेंबर

टिलीने विचारलं, वॉली कधी येणार? ब्रॉन घाईघाईने म्हणाली, जा, हात धुऊन ये. हात स्वच्छ होते.

रविवार, २९ डिसेंबर

हेमी आणि ब्रॉन पहाटे गळ टाकून बसले आणि चार मोठे कहावाई मासे घेऊन आले. ब्रॉनने वॉलीची पत्र्याची पेटी काढली. तळाला लाकडाचा भुसा, वर जाळी, माशांना ब्राउन साखर आणि मीठ चोळलेलं. हे सगळं तिला येतं? कधी पाहून ठेवलं कोण जाणे. सगळ्या कॅम्पभर तो वास पसरला. नेव्हिल पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली ठेवला आणि नाक वर करून नुसता बसून राहिला.

मग तिने पत्र्याच्या ताटल्यांत वाटे घातले आणि टिलीला घेऊन जागोजागी फिरली. वॉली फिरायचा त्याच क्रमाने. कोलीनकडे शेवटी, कारण कोलीन गप्पांतून लवकर सोडत नाही. मला माझी ताटली दिली आणि शेजारी बसली. काही बोलली नाही.

माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, वॉलीला सांगेन हं मी, आल्यावर. खूश होईल तो. ब्रॉनने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. किती दिवसांनी!

खूप चुकीचं बोलले मी तिला.

सोमवार, ३० डिसेंबर

दुपारी फाटकाशी एक व्हॅन आली. नवराबायको, दोन मुलं, एखादी जागा मिळेल का म्हणून विचारत होते. मी पाणी भरायला गेले होते, सगळं ऐकू येत होतं. फिओनाने सांगितलं, एकही रिकामी नाही. परत जाताना ती वॉलीच्या तंबूवरून गेली. वॉली कुठाय, हे तिने विचारलं नाही. चोवीस तारखेनंतर तिने एकदाही विचारलेलं नाही!

म्हणजे तिला माहीत आहे की आम्ही थापा मारतोय. आणि ती कानाडोळा करतेय, आपली नोकरी पणाला लावून. आता मला लाज वाटते. नेव्हिलला म्हटलं, उद्या जाऊन सगळं खरं सांगणार. वॉली आजारी असेल कुठेतरी, भाडं आम्ही भरू, पण पुढच्या वर्षापर्यंत त्याची जागा राखून ठेव म्हणून गळ घालणार. ब्रॉनलाही सांगणार की पोरी, तुला अजून एक वर्ष थांबावं लागेल. ती ऐकेल आता. रात्री नेव्हिलने न सांगता भांडी घासली.

मंगळवार, ३१ डिसेंबर

फिओनाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. वॉली सप्टेंबरमध्येच गेला. झोपेत. त्याच्या भाचीने ऑफिसात फोन करून कळवलं होतं. ऑक्टोबरपासून ती जागा ब्रॉनच्या नावावर आहे. ही काही फोनवर सांगायची बातमी नाही, आई तिथे भेटली की सांगेन, असं ब्रॉन तेव्हा म्हणाली होती. आणि चोवीस तारखेला ती ऑफिसात आली ती एवढंच सांगायला – "जागा माझी आहे ना? मग वॉलीला थोडे दिवस राहू दे तिथे."

परत आले तेव्हा ब्रॉन त्याच्या कंदिलात तेल भरत होती.

मी जाऊन वॉलीच्या खुर्चीत बसले. डावीकडे कलले.

"बसले बघ," म्हटलं. "सांग आता."