पिंजऱ्यातले नर

एल्वरब्रिज,
१२ ऑक्टोबर १९९६

प्रिय हेट्टी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच टाकशील, असं क्लबातल्या सिरिलचं म्हणणं. म्हणून पत्ता त्याच्या बायकोच्या, डोरीनच्या हातून लिहून घेतला आहे. आत मात्र मीच आहे. आता उघडलंसच, तर शेवटपर्यंत वाच.

मी पार वैतागलो आहे. नदीत यंदाही रोच माशांची पिल्लं नाहीत. मोठे मासे सापडतात, म्हातारे, सुस्त. बोटाएवढं पिल्लू औषधालाही नाही. आणि आमच्या मच्छीमार क्लबाचं उत्तर काय, तर दर वसंतात मत्स्यपालनाच्या तळ्यावरून टाकीभर मासे आणायचे, नदीत ओतायचे आणि मग काठावर बसून तेच गळाने परत काढायचे! दर सभेत नवा गुन्हेगार सापडतो. आधी पाणकावळे, मग थंडी, मग पाणमांजरं. गेल्या वर्षी एकाने शेजारच्या गावच्या होड्यांवर ठपका ठेवला. मी अध्यक्ष, म्हणून हे सगळं ऐकून घ्यायचं.

तुझं म्हणणं मला पाठ होतं. बायका गर्भ राहू नये म्हणून गोळ्या घेतात, त्यातलं कृत्रिम संप्रेरक लघवीवाटे सांडपाण्यात जातं, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात ते पुरतं निघत नाही, नदीत येतं आणि नर माशांच्या वृषणांत अंडी धरू लागतात. चार वर्षांपूर्वी क्लबाच्या खोलीत पडद्यावर तू ती चित्रं दाखवलीस, तेव्हा सिरिल म्हणाला होता, "म्हणजे आता मासेही गोळ्या घ्यायला लागले वाटतं!" चाळीस माणसं हसली. मीही हसलो. पुढे त्या संध्याकाळी जे झालं, त्याकडे नंतर येतो.

तर तुला खोटं पाडायचं मी ठरवलं. खोटं कशाला बोलू? हेतू तोच होता. जून महिन्यात मत्स्यपालनाच्या तळ्यावरून ट्राउट माशांचे नर तेवढे निवडून आणले. तारेच्या जाळीचे दोन पिंजरे केले. एक केंद्राचं पाणी नदीत सोडणाऱ्या नळाच्या खालच्या अंगाला, दुसरा प्रवाहाच्या वर, जुन्या बंधाऱ्यापाशी. तीन आठवडे रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहून खायला घातलं. मग मासे दुधाच्या कॅनमध्ये भरून सिरिलच्या गाडीतून साठ मैलांवरच्या विद्यापीठात नेले. तुझ्या नव्हे, मुद्दाम दुसऱ्या. वळणावर एक कॅन सिरिलच्या मांडीवर लवंडला. "नॉर्मन, तुझ्या पोरीशी भांडायला फोन पुरला नसता का?" असं तो सबंध वाट ओरडत होता.

तिथे डॉ. ओकोरो म्हणून बाई आहेत. आडनावावरून त्यांना तू आठवायला नको, म्हणून मी सिरिलचं नाव माझं म्हणून सांगितलं, आणि कॅनवर नुसते आकडे घातले. कोणता वरचा, कोणता खालचा, ते सांगितलंच नाही. म्हटलं, बघू आता कसं ओळखता.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. अंड्यातला बलक तयार होण्यासाठी मादीच्या रक्तात जे द्रव्य असतं, ते काही नरांच्या रक्तात इतकं भरलं होतं, की बाईंनी तपासणी दोनदा केली. बाकीच्यांत जवळजवळ काहीच नाही. मी माझी वही काढून आकडे ताडून पाहिले. खालचा पिंजरा, सगळेच्या सगळे. वरच्यातला एकही नाही. आणि खाली बाईंनी लिहिलं होतं: यातलं काही समजलं नाही तर डॉ. हेस्टर हॅलम यांना विचारा, या विषयात त्यांच्याइतकं जाणणारं कोणी नाही. म्हणजे तुलाच! हेट्टी, मी तो कागद टेबलावर आपटला. मग उचलून पुन्हा वाचला.

परवा गुरुवारी क्लबात हे सगळं वाचून दाखवलं. मग सिरिल म्हणाला, "म्हणजे दोष बायकांचा." चहा ओतत असलेली डोरीन किटली खाली ठेवून म्हणाली, "दोष बायकांचा? चार मुलांनंतर मला त्या गोळ्या घ्यायला कोणी लावलं रे? पाणी स्वच्छ करायचे पैसे ते केंद्र चालवणारी कंपनी घेते ना? मग तिला विचारा. माझ्या पर्समध्ये काय डोकावताय?" केंद्रावर गाळण्याची नवी सोय करा, असं पत्र क्लबाने पाठवायचं ठरलं. कंपनी काय करील ते दिसेलच. 'अहवाल विचाराधीन आहे' असं लिहील आणि मी आणखी म्हातारा होईन.

पण माशांचं एवढंच असतं, तर पोस्टकार्ड पुरलं असतं. सभा संपल्यावर डोरीन मला बाहेर घेऊन गेली आणि तिने सांगितलं. ती चित्रं दाखवायला तू क्लबात आलीस, त्याच्या आदल्या सोमवारी दवाखान्यातून घरी आली होतीस. पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. तू फक्त तिला सांगितलं होतंस, आणि शब्द घेतला होतास. "चार वर्षं मी हे पोटात ठेवलंय नॉर्मन, आता तू सांभाळ," असं म्हणून ती आत निघून गेली. आणि मी त्या संध्याकाळी चाळीस माणसांसमोर उभा राहून म्हणालो होतो, हिला स्वतःला मूल होत नाही, म्हणून हिला माशांतही तेच दिसतं. मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक नसतानाही ते वाक्य बापाने बोलायचं नव्हतं. मी पुन्हा आत गेलो, कोट घालून निघालेल्यांना थांबवलं, ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि म्हणालो, हे मी माझ्या मुलीला बोललो होतो आणि मी नालायकपणा केला. कोणी हसलं नाही. आता ते तुझ्यासमोर म्हणायचं राहिलं आहे. पुढच्या रविवारी, वीस तारखेला, साडेअकराच्या गाडीने मी येतोय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी पायरीवर उभा राहूनही बोलेन.

तुझाच, चार वर्षं उशिरा शहाणा झालेला,
बाबा