ताई नाही म्हणाली तर

९ सप्टेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच समज, सध्या वाकवत नाही. कारण पुढे येईल.

इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा कसा आहे? फोन केला असता, पण आईच्या मशीनवरून भांडल्यापासून आपण वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे गेलो नाही. म्हणून पत्र.

माझं काम काय ते तू विचारायचीस आणि सांगू लागले की जांभई द्यायचीस. तेव्हा थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामांना काम करायला मेमरी लागते, म्हणजे जागा. सिस्टिमकडून ती मागून आणून सगळ्यांना वाटणारा एक कारभारी मी लिहिलाय. त्याची परीक्षा खऱ्या सिस्टिमवर होत नाही, कारण ती मागेल तेवढं देऊन त्याला लाडावून ठेवते. म्हणून एक खोटी सिस्टिम बनवली, अधूनमधून नाही म्हणणारी. आता नकाराचा नमुना कुठून आणू? डोळे मिटले आणि तू दिसलीस. आता तीही तुझ्यासारखीच पहिल्यांदा मुकाट देते, दुसऱ्यांदा आधीच्याचं काय केलंस विचारते, तिसऱ्यांदा सरळ नाही. रागावू नकोस, पण ऑफिसात तिचं नाव ताईच पडलंय. परवा साहेबांनीही भर मीटिंगमध्ये गंभीरपणे विचारलं, आज ताईंचं काय म्हणणं आहे?

पहिल्याच नकाराला माझ्या कारभाऱ्याची दातखीळ बसली. पुन्हा मागेना, आणि जवळची रिकामी पडलेली जागाही सोडेना. नुसता बसून राहिला.

साहेब म्हणाले, "नाही ऐकल्यावर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नाही का?"

लिहिणारीलाच कुठे येतं, असं मी म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. हल्ली रडू लवकर येतं.

मग खपून दुरुस्ती केली. आता नकार आला की तो वापरात नसलेलं आधी परत करतो आणि पुन्हा मागतो. तरी नाही, तर कमी मागतो. ताईने छळ छळ छळलं, पण पास झाला.

तर आईचं शिलाई मशीन शनिवारी टेम्पोने तुझ्याकडे येतंय. भांडून आणलं खरं, पण मी त्यावर कुंडीच ठेवली. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. झाकणावर कुंडीचा डाग पडलाय, तेवढा पोटात घाल.

आता मागते. मला आठवा महिना लागलाय. ताईला मीच कळवीन असं यांना सांगून बसले आणि रोज टाळत आले. मला भीती वाटते गं. महिनाभर येशील? नाही जमलं तर आठ दिवस ये. तेही नसेल तर एकच दिवस ये आणि दिवसभर माझ्यावर ओरड.

याहून कमी मला मागता येत नाही.

दातखीळ सुटलेली,
तुझी धाकटी